दार अडवल्याचा दावा

२८ एप्रिल १९३५, रविवार

दाक्षायणीने आज मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले — आणि उभा जन्म दुसऱ्यांचे साक्षीदार फोडण्यात घालवलेला मी चार प्रश्नांत फुटलो!

पूजा आटोपून वर्तमानपत्र उघडले होते. ती समोर येऊन बसली, हातात पेन्सिल. एम. ए.चे पहिले वर्ष संपवून मुंबईहून सोलापूरला सुट्टीला आली आहे. विषय समाजशास्त्र. मुलीने तर्कशास्त्र घ्यावे अशी माझी इच्छा होती. त्यावर तिचे उत्तर, ‘घरात एक तर्कशास्त्री पुरे आहे, अप्पा.’ पुढच्या वर्षी प्रबंध लिहायचा आहे, आणि प्रबंधाचा विषय ऐकून मला ठसकाच लागला. लग्न लागून नवरानवरी प्रथम घरी येतात, तेव्हा नवऱ्याची बहीण दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवते, आणि ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील?’ असे वदवून घेतल्याशिवाय आत सोडत नाही — ती चाल! ज्या गोष्टीला बायका पदराआड हसतात तिच्यासाठी युनिव्हर्सिटी!

“तुमच्या लग्नात जगदेवी आत्यानं दार अडवलं होतं?”

“अडवले होते.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मागणीस मान्यता दिली.”

“शब्द काय होते?”

“शब्द आठवत नाहीत. आशय असा, की —”

“साक्षीदाराला तुम्ही असं उत्तर देऊ देता, अप्पा?”

आतून ईरम्मेचे हसणे. आमच्या कुटुंबास न बोलावता साक्ष देण्याची सवय आहे. “‘देतो, देतो, आधी आत सोड, पाय भाजतायत!’ हे शब्द. मी शेजारीच होते की. माझेही भाजत होते.”

दाक्षायणीने ते उतरून घेतले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

जगदेवी, माझी धाकटी बहीण, त्या वेळी अकरा वर्षांची होती. तिला मुलगा तर सोडाच, नवराही नव्हता. मला मुलगी नव्हती. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या वधूचे अस्तित्वात नसलेल्या वराशी लग्न मी उन्हात, अनवाणी, पूर्ण शुद्धीवर असताना कबूल केले. कॉलेजात तर्कशास्त्राचे पारितोषिक मिळाले ते त्याच वर्षी!

३० एप्रिल

दाक्षायणीसाठी विजापूरच्या मंडळींचा निरोप. मुलगा मुन्सफ आहे. आजवर मुन्सफांपुढे वाकत आलो. आता एक मुन्सफ माझ्यापुढे वाकेल, हा विचार मनात आलाच नाही असे या पानावर तरी कशाला लिहू?

त्यांचे म्हणणे स्वच्छ आहे. मुलगी बी. ए. आहे तेवढे पुष्कळ. पुढचे शिक्षण बंद करावे. ज्येष्ठी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कारहुणवीच्या बैलसणापर्यंत, होकार कळवावा.

दाक्षायणी म्हणाली, “एक वर्ष द्या. प्रबंध पुरा होऊ द्या.” एवढेच. रडली नाही. रडली असती तर मला सोपे गेले असते. रडणाऱ्या पक्षकाराला कसे समजवावे हे मला येते.

मी अट घातली. समाजशास्त्र हे खरोखर शास्त्र आहे असे तिने सिद्ध करावे. सिद्ध झाले तर वर्ष मिळेल. प्रतिपक्षाची बाजू मी मांडणार. न्यायाधीशही मीच. ही व्यवस्था मला सांगताना अगदी निर्दोष वाटली!

२ मे

वाद झाला. मी व्याख्येपासून सुरुवात केली. शास्त्र म्हणजे ज्याला निरपवाद नियम आहेत ते. माणसाच्या वागण्याला निरपवाद नियम नाहीत. सबब —

ती म्हणाली, “तुम्ही विचारता हे खरं की खोटं, लागू की रद्द. आम्ही विचारतो, रद्द असूनही लोक हे का करत राहतात?”

“मूर्खपणामुळे.”

“मग सदतीस वर्षांपूर्वी तुम्ही का केलंत?”

“पाय भाजत होते म्हणून.”

“चप्पल घालून आला असतात तर ‘नाही देत’ म्हणाला असतात?”

मिलचा भोंगा झाला. मी घड्याळ काढून पाहिले, भोंगा बरोबर आहे का चूक याचा निर्णय करायचा असल्यासारखे. मग निकाल राखून ठेवला. न्यायाधीशाजवळ उत्तर नसले की त्याने असेच करावयाचे असते.

५ मे, अक्षय्य तृतीया

दर वर्षीप्रमाणे जगदेवी वळसंगहून आली. बैलगाडी, गाडीत आंबे, शेंगाची चटणी, माझ्यासाठी वेगळी लोणच्याची बरणी. तिचे यजमान वारल्याला बरीच वर्षे झाली. घर थोरले दीर गुरप्पा चालवतात, आणि तिचा मुलगा बसलिंगप्पा शेत बघतो. तृतीयेला मात्र ती कुणाला न विचारता गाडी जोडायला सांगते. माहेरी जायचे म्हटले की गुरप्पाही आडवे येत नाहीत.

आल्या आल्या दाक्षायणीची हनुवटी धरली, मुका घेतला, आणि ओसरीवर माझ्यासमोर बसून पदराने वारा घेत म्हणाली, “अण्णा, मी दार आडवलं हुतं. ध्यानात हाय न्हवं?”

मला घाम फुटला. उन्हाळ्याचा नव्हे. बसलिंगप्पा पंचवीस वर्षांचा, अविवाहित. दाक्षायणी बावीस वर्षांची. विजापूरचे मुन्सफ तोंडाशी आलेले. दाव्याचे कारण केव्हा उद्भवले ते मला लख्ख दिसले.

“जगदेवी, जेवण झाल्यावर बोलू.”

“आवो पर आयका तरी. ह्या पोरीचं मला —”

“आधी जेवण.”

गव्हाची गोड हुग्गी दोनदा वाढून घेतली. मग ‘एक पक्षकार यायचे आहेत’ असे सांगून छत्री घेतली आणि सात रस्ता चौकापर्यंत दोन फेऱ्या मारून आलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. साठीचा वकील भर दुपारी छत्रीखाली बहिणीला चुकवीत हिंडतो आहे! परत आलो तेव्हा गाडी निघून गेली होती. उजेडी घर गाठायचे म्हणाली, असे ईरम्मेने सांगितले. चेहऱ्यावरून तिला आणखीही काही सांगायचे असावे, पण मी विचारले नाही.

६ मे

बादशहांच्या ज्युबिलीची रोषणाई. सारे सोलापूर दिवे पाहायला लोटले. ईरम्मा दिवे न पाहता मला म्हणाली, “तिचं बोलणं तरी ऐकून घ्यायचं होतं.”

१४ मे

माझ्या कारकुनाला गुरप्पा बाजारात भेटले. ज्वारीच्या पोत्यावर बसून चार माणसांत म्हणाले म्हणे — “वकीलसाहेबांची मुंबईवाली लेक आमचीच की! आमच्या जगदेवीनं दार आडवून मागून ठेवलीया. एम्मे करू द्या न्हायतर आनि काय करू द्या, शेवटी वळसंगात भाकरी थापायची हाय!”

विजापूरची माणसे याच बाजारात येतात. गोष्ट थट्टेवारी नेण्याची वेळ गेली. वळसंगला जाऊन, भावकीसमोर, हा दावा कायमचा निकालात काढला पाहिजे.

१८ मे

मुद्दे तयार केले. इतक्या उत्साहाने बऱ्याच दिवसांत बसलो नव्हतो — हे लिहिताना जरा लाज वाटते, पण खरे आहे. समोर कोण आहे हे विसरून गेले की मुद्दे फार छान सुचतात.

ईरम्मा चहा घेऊन आली. “जाऊ नका. ती काय मागायला आली होती ते मला —”

“ऐकीव पुरावा!” मी म्हटले. “वादीला जे म्हणायचे असेल ते वादीने स्वतः म्हणावे.”

तिने कप ठेवला. जरा आपटूनच.

१९ मे, रविवार

सर्व्हिस मोटारीने वळसंग. जगदेवीच्या घराच्या सोप्यात भावकीची पाचसहा वडील मंडळी, मध्ये गुरप्पा. जगदेवी आतल्या दाराशी, जमिनीवर. मी घोंगडीवर बसलो खरा, पण मनाने उभाच होतो.

बोललो. इतके सुसूत्र मी गेल्या दहा वर्षांत कोर्टात बोललो नसेन. वचन घेणारी त्या वेळी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होती. जिच्याबद्दल वचन दिले ती मुलगी जन्मास यावयाची होती. जन्मास न आलेल्या माणसाला देऊन टाकता येत नाही. वचन देणाऱ्याचे पाय वैशाखाच्या उन्हात भाजत होते, म्हणजे त्याची संमती मोकळ्या मनाची नव्हती. मोबदला काहीही नाही. येथे प्रतिपक्ष म्हणू शकेल, की बहिणीने वाट सोडली हाच मोबदला. परंतु स्वतःच्या घरात शिरण्याचा हक्क ज्याला आहे त्याला तो हक्क विकत घ्यावा लागत नाही! हा आक्षेप मीच काढला, मीच खोडला, आणि कौतुकाने पाहायला कोण आहे म्हणून नजर फिरवली. एक म्हातारे बाबा पेंगत होते.

गुरप्पा कच्चे नाहीत. “वकीलसाहेब, त्या धुळा धनगराच्या खटल्यात तुमीच कोर्टात म्हनला हुता की — चाल हाच कायदा! आमी मागच्या बाकावर बसलो हुतो.”

“ती चाल पुराव्याने शाबीत झाली होती. ही चाल नव्हे. ही लग्नघरातली थट्टा आहे.”

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. “थट्टा व्हती व्हय, अण्णा?”

मी तिच्याकडे न पाहता हात वर केला. कोर्टात करतो तसा.

“अण्णा, माजं जरा आयकून तर घ्या —”

“माझे भाषण पुरे होऊ दे, जगदेवी. मध्ये बोलू नये.”

भाषण पुरे झाल्यावर ती काही बोललीच नाही. माझ्या मते त्याचा अर्थ, बोलण्यासारखे उरले नव्हते.

गुरप्पा म्हणाले, “मंग आमच्या जगदेवीचा तुमच्या घरावर हक्क काय ऱ्हायला म्हनायचा?”

“या बाबतीत, कसलाही नाही.” कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून तेच वाक्य मी कन्नडमध्येही सांगितले. मी नेहमीच काटेकोर असतो.

मोटारीपर्यंत बसलिंगप्पा पोचवायला आला. चाबूक खांद्यावर, तोंडभर हसू. “मामा, लई झ्याक बोलला तुमी. पर येक सांगू का? मला कुनी इचारलंच न्हाय की! माजं तर नागणसूरला ठरत आलंय. आईनंच ठरवलंय.”

हा पुरावा आधी हाती आला असता तर भाषण निम्म्यात आटोपले असते!

२० मे

जिंकलो. जेवण गेले नाही. उष्म्यामुळे असावे.

२१ मे

दाक्षायणीला सांगितले — बसलिंगप्पाच्या दाव्यातून तुला सोडवले. आभाराची अपेक्षा नव्हती असे म्हणणार नाही.

“कुणासाठी सोडवलंत? मुन्सफांसाठी?”

मग म्हणाली, “आत्या काय म्हणाली?”

“काही नाही.”

“काहीच नाही?” तिने पेन्सिल खाली ठेवली. हे तिला बरे वाटले नाही. तिच्या शास्त्रात गप्प बसलेल्या साक्षीदाराची नोंद होते म्हणे.

२६ मे

दाक्षायणी वळसंगला गेली. प्रबंधासाठी घरोघर जाऊन बायकांना विचारणार : दार कुणी अडवले, काय मागितले, काय मिळाले. मी म्हटले, दाव्याचा निकाल नुकताच लागला आहे, वातावरण तापलेले असेल. ती म्हणाली, “म्हणूनच.”

घरात शांतता आहे. मला शांतता आवडते, असा माझा समज होता.

२ जून, रविवार

दाक्षायणी परत आली. सर्वांसाठी शेंगाची चटणी घेऊन आली. माझी लोणच्याची बरणी नाही.

जेवणानंतर मी सहज — अगदी सहज — विचारले, काय सापडले तुझ्या शास्त्राला?

ती सावकाश बोलली. मी उलटतपासणी करणार नाही याची खात्री नसल्यासारखी. दार जवळजवळ प्रत्येकीने अडवले आहे. ‘देतो’ असे जवळजवळ प्रत्येक भाऊ म्हणाला आहे. आणि मुलगी? फार थोड्या घरांत दिली गेली. मी म्हटले, पाहा! म्हणजे चाल मेलेली आहे!

“नाही अप्पा. मुलगी मिळत नाही. विचारलं जाणं मिळतं.”

ईरम्मा नावाच्या एका म्हातारीने — आमच्या नव्हे — भावाच्या मुलीचे दारुड्याशी ठरलेले लग्न मोडले. कशाच्या जोरावर? ‘दारात मागितलेली पोर माजी हाय.’ दुसरीने भाचीला बाळंतपणाला स्वतःच्या घरी नेले, सासरच्यांना न जुमानता. तिसरीचे कुणी काही ऐकत नाही, पण प्रत्येक लग्नाला अक्षता पडण्याआधी भाऊ तिच्याकडे पाहतो, ती मान हलवते, मग अक्षता पडतात. दुसऱ्या घरी दिलेल्या बाईला जन्मघरात उरतो तो एवढा एक शब्द. अकराव्या वर्षी, हसत, हात पसरून ती तो मिळवून ठेवते.

मी ऐकत होतो. खोडण्यासारखे काही सापडेना, तेव्हा पुढचा प्रश्न विचारला. चांगल्या वकिलाने उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये.

“मग जगदेवी कशासाठी आली होती?”

तिने आत्याच्याच शब्दांत सांगितले. “‘अण्णाला सांगनार हुते, दाक्षी दारातली हाय, माजी हाय. तवा आयका, इजापूर आत्ताच नगं, पोरीला शिकू द्या. अण्णा कुनाचं आयकत न्हाय, वैनीचं न्हाय, तुजं न्हाय. पर हक्कानं सांगितलं तर त्यास्नी न्हाय म्हनता यायचं न्हाय.’”

मुलासाठी मागणे नव्हतेच. मुलाचे नागणसूरला ठरले आहे, हे खुद्द मुलाने चाबूक हलवीत माझ्या हातात ठेवले होते. दोन विधाने समोर होती. त्यांतून निघणारा निष्कर्ष पहिल्या वर्षाच्या पोराने काढला असता. मी मोटारीत बसून स्वतःचे भाषण मनात पुन्हा म्हणत होतो.

“तिला विजापूरचे कुणी सांगितले?”

“मी,” ईरम्मा म्हणाली. “मीच निरोप धाडला होता. तुम्हाला सांगायला आले तर म्हणालात, ऐकीव पुरावा!”

३ जून

दाव्यात मागणी काय आहे ते न वाचता मी कैफियत दिली. माझ्या हाताखालच्या नवशिक्या वकिलाने असे केले असते तर त्याला मी कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच घरी धाडला असता.

पोरीच्या बाजूने या घरात एकच हक्क उभा होता. तो मी पाच माणसांसमोर, दोन भाषांत, रद्द करून आलो. उत्कृष्टपणे!

४ जून

चूक दुरुस्त करणे सोपे आहे असे वाटले. दाक्षायणीला बोलावून सांगितले, “मुंबईला जा. वर्ष दिले.”

“नको.”

“म्हणजे?”

“तुमची मेहरबानी घेऊन मी गेले तर आत्याचं काय? तिकडं काय झालंय ते मी पाहून आले, अप्पा. नागणसूरचं तिनं ठरवलं होतं. आता लग्नाच्या याद्या करताना गुरप्पाकाका तिला बोलावतसुद्धा नाहीत. ‘सख्ख्या भावानं भावकीत सांगितलं, हिचा शब्द चालत न्हाय, आमी कशाला चालवून घ्यायचा?’ — असं म्हणाले, माझ्यासमोर. आत्या भाकरी थापत होती. ऐकत होती. मी तिच्या हक्कानं जाईन. नाही तर विजापूरला कळवून टाका, होकार.”

माझ्याच मुलीने मला पेचात धरले आहे, आणि पेच निर्दोष आहे. तर्कशास्त्र घेतले नाही म्हणे!

८ जून

रद्द झालेले वचन पुन्हा जिवंत करता येते का? पुस्तके पाहिली. मोबदल्याविना नाही. वचन घेणाऱ्याने पुन्हा मागितले तर? पण ती का मागेल? थट्टा म्हणून दोन्ही भाषांत हिणवलेली गोष्ट पुन्हा कोण मागते?

मध्यस्थ पाठवावा. एखादा समजूतदार पक्षकार. किंवा गुरप्पांनाच इकडे बोलावून —

९ जून

ईरम्मा : “अहो, मध्यस्थ कशाला? तुम्हाला पाय आहेत की!”

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. यजमान गेले त्या वर्षी जगदेवीला तृतीयेला यायचा धीर होत नव्हता. विधवा बाईने सणाला कसे यावे! ईरम्मेने कळवले, ‘दार अडवणारी आली नाही तर मी जेवणार नाही.’ आली. हे सारे माझ्याच घरात घडले. मी त्या वेळी कुठे होतो ते मला आठवत नाही. बहुधा मुद्दे काढीत असेन.

१३ जून

विजापूरचे स्मरणपत्र. कारहुणवी रविवारी. युनिव्हर्सिटी वीस तारखेला उघडते. दाक्षायणीने ट्रंक भरलेली नाही, आणि रिकामीही केलेली नाही. ती माजघरात उघडी पडली आहे. जाता-येता अडखळतो, पण उचलून ठेव म्हणण्याची हिंमत होत नाही.

१६ जून, कारहुणवी, रविवार

पहिल्या मोटारीने वळसंग. ईरम्मा बरोबर. दाक्षायणी घरीच राहिली. ‘दार तुमचं, माझं नव्हे’ म्हणाली.

गावभर बैल. शिंगे हिंगुळाने रंगवलेली, पाठीवर झुली. दुपारी वेशीतून बैल पळवायचे म्हणून सारी भावकी गुरप्पांच्या दारापुढच्या कट्ट्यावर जमलेली. गुरप्पा उठले. “या की वकीलसाहेब, आत या! उन्हात का?”

“दार अडवणारी येईपर्यंत मी आत येणार नाही.”

चप्पल काढून पायरीवर उभा राहिलो. ईरम्माही शेजारी. यंदा पावसाचा अजून पत्ता नाही. शहाबादी फरशी तापून तव्यासारखी झाली होती. काय करतो आहे ते मला नीट कळत होते, आणि फार वाईट दिसत होते. एक पोरगी फिदीफिदी हसली. बसलिंगप्पा बैलाचा कासरा धरून तोंड उघडे टाकून बघत राहिला.

जगदेवी बाहेर आली. पुरणाचे होळिगे करत असावी. हात पिठाने भरलेले. “काय हो अण्णा? सनासुदीचं उन्हात हुबं का?”

“अडव.”

“काय?”

“दार.”

ती हळूच — पण सगळ्यांना ऐकू जाईल असे — म्हणाली, “थट्टा न्हवं ती?”

वाटेत मोटारीत मी पाच वाक्ये तयार केली होती. त्यांतले एकही आठवले नाही. “नाही,” म्हटले. “चूक माझी. भावकीसमोर केली, म्हणून भावकीसमोर सांगतो. तुझा शब्द माझ्या घरात चालतो. चालत आला आहे. मला ठाऊक नव्हते एवढेच.” मग गुरप्पांकडे वळून तेच कन्नडमध्ये सांगितले. कुणाचा गैरसमज राहू नये म्हणून!

तिने घाई केली नाही. पदराला हात पुसले, एक-एक बोट. मग दोन्ही हात वर करून चौकटीला लावले. पीठ चौकटीला लागले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. पण हात पसरल्यावर हनुवटी वर केली ती अगदी तश्शीच!

“दाक्षी माजी का?”

“देतो.”

“समदं आयकून तरी घ्या की आदी!”

“नको. दिली.”

“न्हाय, आयका. तुमी मला भाषन आयकवलं, आता माजं. दाक्षी मुंबईला जानार. तिचं लगीन तिला इचारून, आन् मला इचारून. मुन्सफ असू द्या न्हायतर लाटसायेब. आन् बसलिंगच्या याद्यास्नी मामा म्हनून तुमी फुडं बसायचं, भावजींच्या आदी. आन् तवा मी मागं बसनार न्हाय.” गुरप्पा खोकले. तिने तिकडे पाहिलेही नाही. “हाय कबूल?”

एवढ्या अटी! एकही आधी वाचायला मिळालेली नाही. आयुष्यात प्रथमच न वाचता सही केली.

“कबूल.”

ती तरी हात काढीना. डोळे भरले होते, पण मजा वाटत होती हेही दिसत होते. कट्ट्यावरून कुणीतरी ओरडले, “आगं सोड की त्या म्हाताऱ्याला!” तरी नाही.

शेवटी ईरम्मा म्हणाली, “जगदेवी, सोड गं बाई. पाय भाजतायत.”

येताना बरणी मांडीवर घेऊन बसलो. मोटार हेलकावे खात होती. तेल धोतरावर सांडले. पुसले नाही.

१८ जून, मंगळवार

दाक्षायणी मेलने गेली. समाजशास्त्राबद्दलचा निकाल अजून राखूनच ठेवला आहे. तिने विचारलाही नाही.

विजापूरला नकार कळवला. कारण विचारतील म्हणून तेही लिहून टाकले, एका वाक्यात, आणि ते शब्दशः खरे आहे : मुलगी माझी नाही, माझ्या बहिणीची आहे, विचारायचे तर तिच्या दारी जावे.